व्हीएममध्ये नेट येत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेत आमच्या पुढच्या खोलीत दर शनिवारी पाच-सात पोरंपोरी लॅपटॉप घेऊन बसतात. कुणी इंजिनिअरिंगचं, कुणी एमसीएचं, एक-दोघं विजयनगरच्या कंपन्यांत नुकतीच लागलेली. ज्यांना येता येत नाही ते फोन करतात. तक्रार थोड्याफार फरकाने एकच: "काका, व्हीएम सुरू होते, पण नेट येत नाही." तीच उत्तरं सांगून सांगून घसा बसला, म्हणून हे पान. व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, खऱ्या संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा, खोटा संगणक. ती ज्या खऱ्या मशीनवर चालते तो होस्ट.

मी स्वतः केव्हीएम (लिनक्सची व्हीएम चालवायची सोय) आणि लिबव्हर्ट (व्हीएम आणि त्यांची नेटवर्कं सांभाळणारी सेवा) वापरतो. व्हर्च्युअलबॉक्सचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय. कमांड फोनवर बोलतो तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमनमध्ये टाइप करायच्या हे सांगायला नको. (एकाला सांगावं लागलं होतं.)

सुरुवात कुठून करू? उबंटू परत टाकून पाहू का?

नको. व्हीएम परत टाकून नेट सुरू झाल्याचं मी क्वचितच पाहिलंय, कारण बिघाड बहुतेक वेळा व्हीएमच्या आत नसतोच. तो होस्टवर, व्हीएम आणि खऱ्या कार्डाच्या मधल्या पट्ट्यात असतो.

पॅकेटचा, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याचा, रस्ता डोळ्यांसमोर आणा. व्हीएमच्या आतलं कार्ड, मग होस्टवरचं ‘व्हीनेट०’ नावाचं खोटं कार्ड, मग ‘व्हर्बीआर०’ हा ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच), मग होस्टचं राउटिंग आणि फायरवॉल, मग होस्टचं खरं कार्ड, मग घरचा राउटर. या रस्त्यावर पॅकेट कुठे थांबलं एवढंच शोधायचं. व्हीएममधून या क्रमाने पिंग करा: आधी १९२.१६८.१२२.१ म्हणजे ब्रिज, मग होस्टचा स्वतःचा घरच्या नेटवर्कमधला आयपी, मग घरचा राउटर, मग ८.८.८.८ (बाहेरच्या जगातला गूगलचा एक पत्ता), आणि शेवटी एखादं नाव. ज्या पायरीवर पहिल्यांदा उत्तर थांबेल, त्याच्या पुढची प्रश्नोत्तरं वाचा. सगळं पान वाचत बसायची गरज नाही.

व्हीएमला आयपीच मिळत नाही. १६९.२५४ ने सुरू होणारं काहीतरी दिसतं.

म्हणजे डीएचसीपीचं (आयपी वाटणाऱ्या सेवेचं) उत्तर आलं नाही आणि बिचाऱ्या व्हीएमने स्वतःच स्वतःला पत्ता देऊन टाकला. पहिला संशय असा की लिबव्हर्टचं ‘डिफॉल्ट’ नेटवर्कच बंद आहे. होस्टवर ‘सुडो व्हर्श नेट-लिस्ट --ऑल’ करा. ‘डिफॉल्ट’समोर इनॲक्टिव्ह दिसलं तर ‘सुडो व्हर्श नेट-स्टार्ट डिफॉल्ट’, आणि पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून ‘सुडो व्हर्श नेट-ऑटोस्टार्ट डिफॉल्ट’.

‘सुडो’ विसरू नका. साध्या युजरने व्हर्श चालवला की तो बऱ्याच वितरणांत सिस्टिमच्या लिबव्हर्टशी न बोलता तुमच्या स्वतःच्या ‘सेशन’शी बोलतो आणि यादी रिकामी दाखवतो. मग माणूस घाबरतो, की सगळी नेटवर्कं गेली कुठे? ती कुठेही गेलेली नसतात, तुम्ही दुसऱ्याच खोलीत डोकावताय.

नेट-स्टार्ट केलं तर एरर येते, पत्ता आधीच वापरात आहे म्हणून.

हे सराफ्यासारखं आहे. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती बंद झाली की त्याच ओट्यांवर रात्री भुट्ट्याचा कीस आणि गराडू. जागा एक, धंदे दोन, आणि जमतं, कारण वेळा वेगळ्या. पण सराफाने शटर ओढायच्या आधीच कढई मांडली तर भांडण होणारच.

लिबव्हर्ट १९२.१६८.१२२.१ या पत्त्यावर आपला डीएनएसमास्क बसवतो. तो व्हीएमना आयपीही वाटतो आणि नावंही सोडवून देतो. नावांसाठी त्याला पोर्ट ५३ लागतं. तुम्ही होस्टवर आधीच स्वतंत्र डीएनएसमास्क किंवा बाइंड (नावं सोडवणारा दुसरा सर्व्हर) टाकला असेल आणि त्याने सगळ्याच पत्त्यांवरचं ५३ अडवून धरलं असेल, तर लिबव्हर्टच्या डीएनएसमास्कला बसायला जागा उरत नाही. ‘सुडो एसएस -एलएनटीयूपी’ करून ५३ वर कोण बसलंय ते बघा. स्वतंत्र डीएनएसमास्क असेल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये ‘बाइंड-इंटरफेसेस’ घालून त्याला फक्त लागणाऱ्या कार्डांपुरतं बसवा. नको असेल तर बंद करा. सिस्टमडी-रिझॉल्व्हडला (होस्टसाठी नावं सोडवणाऱ्या सेवेला) मात्र उगाच दोष देऊ नका. तो १२७.०.०.५३ वर आपल्या कोपऱ्यात बसलेला असतो, कुणाच्या अध्यातमध्यात नसतो.

माझ्या व्हीएमचा आयपी १०.०.२.१५ आहे. मैत्रिणीचाही तोच! हे कसं?

दोघींचं बरोबर आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅटमध्ये (नॅट म्हणजे काय ते पुढे वाड्याच्या उदाहरणात आहे) प्रत्येक व्हीएमला तिचं स्वतंत्र छोटं जग मिळतं, आणि त्या प्रत्येक जगात व्हीएम १०.०.२.१५, गेटवे १०.०.२.२ आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) १०.०.२.३. क्यूईएमयूच्या (केव्हीएमच्या जोडीने व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) यूजर-मोड नेटवर्कमध्येही हेच आकडे दिसतात. जगं वेगळी असल्यामुळे तुमच्याच लॅपटॉपवरच्या दोन व्हीएमही एकमेकींना दिसत नाहीत. त्यांना एकमेकींशी बोलायचं असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘नॅट नेटवर्क’ निवडा, किंवा दुसरं कार्ड ‘होस्ट-ओन्ली’ (फक्त होस्ट आणि त्याच्या व्हीएमपुरतं नेटवर्क) द्या.

एक खाचखळगा: या पद्धतीत पिंग फेल होतं पण ब्राउझर चालतो, असं होऊ शकतं. तेव्हा नुसत्या पिंगवर विश्वास ठेवून रात्र जागवू नका. ‘कर्ल’ने एखादं पान मागवून बघा.

होस्ट-ओन्लीला १९२.१६८.१००.१ द्यायला गेलो तर व्हर्च्युअलबॉक्स नाही म्हणतो.

६.१.२८ या आवृत्तीपासून लिनक्सवर होस्ट-ओन्लीसाठी १९२.१६८.५६.० पासून स्लॅश २१ एवढीच पट्टी (१९२.१६८.६३.२५५ पर्यंत) मोकळी ठेवली आहे. बाहेरचा पत्ता हवा असेल तर ‘/ईटीसी/व्हीबॉक्स/नेटवर्क्स.कॉन्फ’ ही फाइल बनवून त्यात हवी ती पट्टी ताऱ्याने सुरू होणाऱ्या ओळीत लिहा. नाहीतर ५६ वर समाधान माना. मी मानतो.

नॅट घ्यावं की ब्रिज?

जुना वाडा आठवा. आत सहा बिऱ्हाडं, रस्त्याला दार एकच. पोस्टमनला वाड्याचा नंबर माहीत, बिऱ्हाडांचा नाही. आतून पत्र गेलं की मालक कुणी पाठवलं ते लक्षात ठेवतो आणि उत्तर आलं की त्याच दारात नेऊन देतो. पण बाहेरून कुणी अनोळखी आला आणि म्हणाला, "आतल्या जोश्यांकडे जायचंय," तर मालक त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवतो. हे नॅट. ब्रिज म्हणजे एका बिऱ्हाडाने रस्त्याच्या बाजूला आपलं स्वतःचं दार पाडून घेतलं. आता त्याला स्वतःचा नंबर, स्वतःची पाटी, आणि चोरही थेट दारात.

शिकण्यासाठी नॅट पुरे. व्हीएममधला सर्व्हर ऑफिसातल्या इतरांना दिसायला हवा असेल तरच ब्रिज. ब्लॉग वाचून ब्रिज करणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्याची गरज नसते, असं माझं मत आहे.

लॅपटॉप वायफायवर आहे. ब्रिज होतच नाही.

होणारही नाही, आणि त्यात तुमची चूक नाही. वायफायमध्ये राउटर फक्त त्याच मॅक पत्त्याच्या (कार्डाची ओळख सांगणाऱ्या नंबरच्या) फ्रेम घेतो ज्याने त्याच्याशी रीतसर जोडणी केली आहे, म्हणजे तुमच्या लॅपटॉपच्या कार्डाच्या. व्हीएम आपला वेगळा मॅक लावून फ्रेम पाठवणार आणि राउटर ती टाकून देणार. म्हणून लिनक्स साध्या वायफाय कार्डाला ब्रिजमध्ये घ्यायलाच नकार देतो. व्हर्च्युअलबॉक्सचा ब्रिज वायफायवर चालतो तो चलाखीने: मधल्यामध्ये मॅक बदलून. केव्हीएमवर असाल तर नॅटवर राहा किंवा लॅनची वायर लावा. जेल रोडवर दोन-पाच मीटरची वायर सहज मिळते. या प्रश्नाचं ते सगळ्यात स्वस्त उत्तर आहे.

ब्रिज करायला गेलो आणि होस्टचंच नेट गेलं.

या प्रश्नावर मला हसण्याचा अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी देवास नाक्याजवळच्या एका गोदामाचा सर्व्हर माझ्याकडे होता. रात्री साडेनऊला, घरी बसून, एसएसएचवरून (दुरून लॉगिन करून) त्याच्या कार्डाचा ब्रिज करायला घेतला. ‘एनएमसीएलआय’ या नेटवर्कमॅनेजरच्या कमांडने ब्रिज बनवला, ‘ईनो१’ हे सर्व्हरचं कार्ड त्याच्या पोटात घातलं, एंटर मारला. कर्सर थिजला. पाच मिनिटं वाट पाहिली, मग पावसात स्कूटर काढली. गोदामाचा चौकीदार बाजेवर झोपलेला. त्याला उठवलं, सर्व्हरला मॉनिटर लावायला वायर सापडेना, शेवटी बिलिंगच्या मशीनची वायर काढून लावली. लॉगिन केलं तर सर्व्हर ठणठणीत. नेट चालू, व्हीएम चालू. फक्त आयपी बदललेला.

झालं होतं असं: कार्ड ब्रिजमध्ये गेलं की आयपी कार्डावर राहत नाही, तो ब्रिजवर येतो. आणि नव्या ब्रिजला सिस्टमडीने नवाच मॅक पत्ता दिला होता. राउटरमध्ये आयपी राखून ठेवला होता तो कार्डाच्या जुन्या मॅकसाठी. नवा मॅक दिसला तसा राउटरने नवा आयपी देऊन टाकला. मी घरी बसून जुन्या पत्त्यावर दार ठोठावत होतो.

तेव्हापासून तीन गोष्टी पाळतो. ब्रिजला जुन्या कार्डाचाच मॅक लिहून देतो, नाहीतर सरळ स्थिर आयपी. आयपी, गेटवे, डीएनएस ही तिन्ही ब्रिजवर लिहितो, कार्डावर काही ठेवत नाही. आणि दुरून काम करायचं असेल तर आधी उलटी वाट लावून ठेवतो: ‘सुडो सिस्टमडी-रन --ऑन-ॲक्टिव्ह=३०० एनएमसीएलआय कॉन अप’ आणि पुढे जुन्या कनेक्शनचं नाव. पाच मिनिटांत मी टाइमर रद्द केला नाही, तर मशीन आपोआप जुन्या जागी येतं.

ब्रिज झाला, पण व्हीएम सुरू झाल्यावर अर्धा मिनिट नेट येत नाही.

एसटीपी. आपण कुठे चक्र तर करत नाही ना, याची खात्री पटेपर्यंत ब्रिज नव्या दारातून काही जाऊ देत नाही. पंधरा सेकंद ऐकणार, पंधरा सेकंद शिकणार. नेटवर्कमॅनेजरने बनवलेल्या ब्रिजमध्ये एसटीपी आपोआप चालू असतो. तेवढ्यात व्हीएमचा डीएचसीपी थकून गप्प बसला तर आयपी मिळतच नाही. घरी एकच वायर असेल तर ‘ब्रिज.एसटीपी नो’ करा. मग हा विलंब उरत नाही. ऑफिसात दोन स्विच, तीन वायरी असतील तर एसटीपीला हात लावण्याआधी तिथल्या माणसाला विचारा.

काल सगळं चालत होतं. आज डॉकर टाकला आणि व्हीएमचं नेट गेलं.

हा या पानावरचा सगळ्यात मोठा प्रश्न. डॉकर म्हणजे प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत (कंटेनरमध्ये) चालवणारं साधन. महिन्यातून दोनदा तरी येतो.

भंवरकुआंला खोली घेऊन राहणारी एक मुलगी हाच बिघाड घेऊन आली होती. बुऱ्हाणपूरची, अतिशय व्यवस्थित, सगळं वहीत लिहून आणलेलं: ब्रिजला पिंग जातं, होस्टलाही जातं, पुढे कुठेच नाही. म्हणजे व्हीएम, व्हीनेट आणि ब्रिज निर्दोष. तिला तीन टर्मिनल उघडायला सांगितले. एकात ‘टीसीपीडंप -एनआय व्हीनेट० आयसीएमपी’ (त्या कार्डावरून जाणारी पिंगची पॅकेटं दाखवते), दुसऱ्यात तेच ‘व्हर्बीआर०’वर, तिसऱ्यात होस्टच्या खऱ्या कार्डावर. मग व्हीएममधून ८.८.८.८ ला पिंग. पहिल्या दोन खिडक्यांत ओळी पळत होत्या. तिसरी कोरी. ती म्हणाली, "म्हणजे मध्येच कुणीतरी खातंय." एवढं कळलं की अर्धं काम झालं.

मध्ये होतं होस्टचं फॉरवर्डिंग, म्हणजे एका कार्डावरचं पॅकेट दुसऱ्यावर पुढे पाठवणं. आयपीटेबल्स म्हणजे कर्नलची फायरवॉल, आणि तिच्यातली साखळी म्हणजे नियमांची यादी. ‘सुडो आयपीटेबल्स -एनव्हीएल फॉरवर्ड’ केलं तर पहिल्याच ओळीत ‘पॉलिसी ड्रॉप’, आणि दर पिंगबरोबर त्याचा आकडा वाढत होता.

१.१३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, डॉकर हे करतो. आयपी फॉरवर्डिंग त्याला स्वतः चालू करावं लागलं, की तो फॉरवर्ड साखळीची पॉलिसी ड्रॉप करून टाकतो. त्याच्या जागी ते बरोबर आहे: फॉरवर्डिंग उघडलं म्हणून बाहेरच्या कुणीही या मशीनचा रस्ता वापरू नये. फॉरवर्डिंग आधीच चालू असेल तर तो पॉलिसीला हात लावत नाही. म्हणूनच हा बिघाड इतका छळतो. बूट होताना लिबव्हर्ट आधी उठला तर सगळं चालतं, डॉकर आधी उठला तर बंद. पोरं म्हणतात, "काका, कधी चालतं, कधी नाही." मशीन लहरी नसतं, कोण आधी उठलं एवढाच फरक.

मग पूर्वी लिबव्हर्टच्या नॅटला त्रास का होत नव्हता? कारण लिबव्हर्ट आपली परवानगी त्याच आयपीटेबल्सच्या साखळीत सगळ्यात वर लिहीत असे. १०.४.० या आवृत्तीपासून तो स्वतःचे नियम एनएफटेबल्सच्या (आयपीटेबल्सच्या नव्या पिढीच्या) वेगळ्या तक्त्यात लिहू शकतो, आणि बऱ्याच वितरणांत आता तेच होतं. एनएफटेबल्समध्ये एका तक्त्याने "जाऊ दे" म्हटलं तरी दुसऱ्याने "अडव" म्हटलं की पॅकेट मेलंच. परवानगी सगळ्यांची लागते, अडवायला एकच पुरतो. सरकारी कचेरीत फाइल फिरवली असेल तर हे समजावून सांगावं लागत नाही.

साधा ब्रिज वापरणाऱ्यांचं दुखणं थोडं निराळं. त्यांचं पॅकेट खरं तर राउटिंगपर्यंत जायलाच नको, ते खालच्या खालीच सरकायला हवं. पण ‘बीआर-नेटफिल्टर’ हे मॉड्यूल लोड असलं, आणि डॉकर असेल तिथे ते बहुतेकदा असतंच, की ब्रिजवरची पॅकेटंही आयपीटेबल्ससमोर हजर होतात आणि त्याच ड्रॉपमध्ये अडकतात.

उपाय. डॉकरने ‘डॉकर-यूजर’ नावाची साखळी आपल्यासाठी मोकळी ठेवली आहे, तिच्यात लिहा:

‘सुडो आयपीटेबल्स -आय डॉकर-यूजर -आय व्हर्बीआर० -जे ॲक्सेप्ट’
‘सुडो आयपीटेबल्स -आय डॉकर-यूजर -ओ व्हर्बीआर० -जे ॲक्सेप्ट’

पहिला ‘-आय’ मोठ्या लिपीतला, दुसरा छोट्या. फोनवर सांगताना इथेच गोंधळ होतो. साध्या ब्रिजसाठी एकच ओळ पुरते, तिच्यात ‘-आय’ आणि ‘-ओ’ दोन्हीकडे ‘बीआर०’. लिबव्हर्ट नवा असेल तर दुसरी वाट अशी की ‘/ईटीसी/लिबव्हर्ट/नेटवर्क.कॉन्फ’मध्ये ‘फायरवॉल_बॅकएंड’ला ‘आयपीटेबल्स’ द्या आणि लिबव्हर्टची नेटवर्क सेवा रीस्टार्ट करा.

रीबूटनंतर हाताने लिहिलेले नियम उडतात. डॉकरनंतर चालेल अशा एका छोट्या सिस्टमडी युनिटमध्ये टाकून ठेवा. काही जण ब्रिज-नेटफिल्टरच बंद करायला सांगतात. त्याने व्हीएम चालेल, पण मग एखाद्या कंटेनरची वेगळीच तक्रार घेऊन याल. आणि फॉरवर्डची पॉलिसी सरळ ॲक्सेप्ट करून मोकळं होणाऱ्यांनी ते निदान सर्व्हरवर तरी करू नये.

फायरवॉल रीस्टार्ट केली की व्हीएमचं नेट जातं.

फायरवॉलचे नियम पुसताना तुम्ही लिबव्हर्टचेही पुसले. ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट लिबव्हर्टडी’ करा, नव्या वितरणात ‘व्हर्टनेटवर्कडी’. तो आपले नियम परत लिहितो आणि चालू व्हीएम बंद पडत नाहीत. नेटवर्क डिस्ट्रॉय करून परत स्टार्ट करायच्या फंदात पडू नका. त्याने चालू व्हीएमची वायर ब्रिजमधून निघून येते आणि दोन बिघाड होतात.

व्हीएम सगळ्यांना दिसते, फक्त माझ्या होस्टलाच दिसत नाही.

तुम्ही मॅकव्हीटॅप निवडलाय. त्याचा स्वभावच तो आहे: व्हीएमचं पॅकेट खऱ्या कार्डातून थेट बाहेर जातं, होस्टकडे वळून पाहत नाही. बिघाड नाही, दुरुस्ती नाही. व्हीएमला दुसरं कार्ड ‘डिफॉल्ट’ नेटवर्कचं द्या आणि होस्टशी त्यावरून बोला.

८.८.८.८ ला पिंग जातं, पण नावाने काहीच उघडत नाही.

हे डीएनएस. व्हीएममध्ये ‘डिग’ चालवून थेट १९२.१६८.१२२.१ ला विचारा. त्याने उत्तर दिलं तर व्हीएमच्या आतली सेटिंग चुकली आहे. बहुतेक स्थिर आयपी देताना डीएनएसची ओळ विसरली. उत्तर नाही आलं तर होस्टकडे बघा. लॅपटॉप घरून ऑफिसला नेल्यावर हे होत असेल आणि व्हर्च्युअलबॉक्स असेल, तर व्हीएम जुन्याच डीएनएसला विचारत बसली असेल. ‘व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायव्हीएम’, व्हीएमचं नाव आणि ‘--नॅटडीएनएसहोस्टरिझॉल्व्हर१ ऑन’ केलं की ती होस्टला विचारायला लागते.

नावही सापडतं, पिंगही जातं, पण मोठी पानं अर्धवट लोंबकळतात. एसएसएच लॉगिननंतर थिजतं.

ऑफिसचं व्हीपीएन चालू आहे का? मग एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार. व्हीएम १५०० बाइटचं पॅकेट पाठवते, वायरगार्ड या व्हीपीएनच्या बोगद्याचं तोंड सहसा १४२० चं. "लहान करून पाठव" असा निरोप आयसीएमपीने परत यायला हवा, पण मध्ये कुणी आयसीएमपी अडवलं असेल तर निरोप पोचत नाही. छोटी पॅकेटं जातात, मोठी गायब. म्हणून पिंग खोटं समाधान देतं.

व्हीएममधून ‘पिंग -एम डू -एस १४७२’ करून पाहा. १४७२ मध्ये शीर्षकांचे २८ मिळवले की १५०० होतात. नाही गेलं तर १३९२ करून पाहा. हे गेलं तर निदान पक्कं. तात्पुरतं व्हीएमच्या कार्डाचा एमटीयू १४०० करा. कायमचं करायचं तर लिबव्हर्टच्या नेटवर्कच्या एक्सएमएलमध्ये एमटीयूची ओळ घाला, म्हणजे व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच बनवलेल्या खोट्या) कार्डाच्या व्हीएमना तो आपोआप मिळतो.

एका व्हीएमच्या तीन कॉप्या केल्या. तिघींना एकच आयपी.

मॅक एकच असेल तर उघड आहे. एक्सएमएल जशीच्या तशी कॉपी केली असणार. ‘व्हर्ट-क्लोन’ वापरा, तो नवा मॅक देतो. पण मॅक वेगळे असूनही हे होतं, विशेषतः उबंटू सर्व्हरवर. तिथे डीएचसीपीला ओळख सांगताना मॅक न देता मशीन-आयडीवरून बनवलेली खूण देतात, आणि कॉपीमध्ये मशीन-आयडी तोच असतो. कॉपी करण्याआधी मूळ व्हीएममध्ये ‘/ईटीसी/मशीन-आयडी’ ही फाइल रिकामी करा, डिलीट नाही, किंवा बंद व्हीएमवर ‘व्हर्ट-सिसप्रेप’ चालवा.

व्हीएममध्ये एक डिस्क वाढवली आणि नेट गेलं. डिस्कचा आणि नेटचा काय संबंध?

कार्डाचं नाव ते पीसीआयच्या कुठल्या खाचेत आहे त्यावरून पडतं. नवं उपकरण आलं, क्रम सरकला, ‘ईएनपी१एस०’चं ‘ईएनपी२एस०’ झालं आणि नेटप्लॅनची (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगची) फाइल अजून जुन्या नावाला हाका मारतेय. ‘आयपी ए’ करून नाव बघा, फाइलमध्ये दुरुस्त करा. नेटप्लॅनमध्ये नावाऐवजी मॅकवरून जुळवलंत तर हा त्रास पुन्हा होत नाही.

कर्नल अपडेटनंतर व्हर्च्युअलबॉक्सचं होस्ट-ओन्ली कार्ड नाहीसं झालं.

नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बनले नाहीत. ‘सुडो /एसबिन/व्हीबॉक्सकॉन्फिग’. सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलवर सही लागते, नाहीतर कर्नल ते दारातच अडवतो.

नेट चालतं, पण बैलगाडीसारखं.

कार्डाचा प्रकार बघा. ‘आरटीएल८१३९’ असेल तर ती शंभर मेगाबिटच्या जुन्या कार्डाची नक्कल आहे. ‘व्हर्टआयओ’ करा. विंडोजच्या व्हीएममध्ये आधी व्हर्टआयओचे ड्रायव्हर टाका, मगच कार्ड बदला. उलट केलंत तर ड्रायव्हर उतरवायलाच नेट नसेल.

टीसीपीडंपमध्ये सगळीकडे ‘बॅड चेकसम’ दिसतं. हाच बिघाड ना?

नाही. चेकसमचं काम कार्डावर ढकललेलं असतं आणि तुम्ही पॅकेट त्याआधीच बघताय. यावरून रात्रभर जागलेला एक जण मला माहीत आहे. तो सकाळी सहाला पोहे-जिलेबी घेऊन आला होता, म्हणून नाव सांगत नाही.

हॉस्टेलमध्ये वायरवर ब्रिज केला. व्हीएम चालत नाही आणि आता लॅपटॉपही नाही.

तिथल्या स्विचवर एका दाराला एकच मॅक अशी मर्यादा असणार. दुसरा मॅक दिसला की काही स्विच दारच बंद करतात. व्हीएम बंद करा, लॅबच्या दादांना जाऊन खरं काय ते सांगा, दार उघडून घ्या आणि पुढे नॅट वापरा.

लॅपटॉप झोपवून उठवला की व्हीएममधली प्रत्येक साइट सर्टिफिकेटची तक्रार करते.

व्हीएमचं घड्याळ मागे राहिलं. ‘डेट’ करून बघा. क्रोनी (घड्याळ जुळवत राहणारा प्रोग्राम) टाकून ठेवा.

व्हीएममध्ये जँगो चालवलाय, होस्टच्या ब्राउझरमधून उघडत नाही.

आधी व्हीएममध्ये ‘एसएस -एलएनटी’ करा. १२७.०.०.१:८००० दिसलं तर जँगो (पायथॉनमधली वेबसाइट बनवायची चौकट) फक्त स्वतःशीच बोलतोय. त्याला ०.०.०.०:८००० वर चालवा, आणि त्याच्या सेटिंगमधल्या ‘अलाउड होस्ट्स’च्या यादीत व्हीएमचा आयपी घाला. दहातले सात जण इथेच उठतात. व्हर्च्युअलबॉक्सचं साधं नॅट असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये होस्टचं एखादं पोर्ट व्हीएमच्या ८००० ला जोडा. लिबव्हर्टच्या नॅटमध्ये होस्टवरून थेट उघडेल. दुसऱ्या लॅपटॉपवरून बघायचं असेल तर होस्टमधून एसएसएचचा ‘-एल’ बोगदा काढा.

एवढं करूनही नाही जमलं. फोन करण्याआधी काय काय पाठवू?

व्हीएममधून ‘आयपी ए’ आणि ‘आयपी आर’. होस्टवरून तेच दोन, शिवाय ‘सुडो व्हर्श नेट-लिस्ट --ऑल’ आणि ‘सुडो आयपीटेबल्स -एनव्हीएल फॉरवर्ड’. कुठल्या पिंगला उत्तर आलं आणि कुठल्याला नाही, ते. आणि शेवटचं चालत होतं तेव्हापासून काय काय टाकलं, त्याची यादी. "काहीच टाकलं नाही" असं लिहू नका. परवा असं लिहिणाऱ्याच्या आयपीटेबल्समध्ये डॉकरच्या चार साखळ्या होत्या. मजकूर टेक्स्टमध्ये पाठवा. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, त्यात ट्यूबलाइटची चमक, चष्मा लावूनही वाचता येत नाही.